बंद करून चालू केलं की नीट का होतं?

टेबलावरच्या संगणकात बसवलेला कुठलाही प्रोग्राम अडला की पहिला इलाज सगळीकडे एकच असतो : बंद करा, पुन्हा चालू करा. खामगावच्या जिनिंगमधला भुईकाटा असो, मलकापूरच्या आडत दुकानातली हिशेबपट्टी असो की बुलढाण्याच्या एखाद्या पतसंस्थेतलं पासबुक, हा इलाज बऱ्याच वेळा लागूही पडतो. लागू पडतो म्हणूनच त्याच्याबद्दल दोन टोकांची मतं आहेत. दुरुस्ती करणारा म्हणतो, काम सुरू झालं, विषय संपला. शिकवणारा म्हणतो, हा इलाजच नव्हे, ही टाळाटाळ. पुढच्या संवादात पहिल्याला मी ‘भाऊ’ म्हटलं आहे आणि दुसऱ्याला ‘सर’. भाऊ म्हणजे तालुक्याच्या गावात संगणक-प्रिंटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस, सर म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोग्रामिंग शिकवणारे. दोघंही कल्पित आहेत, त्यांची भांडणं मात्र खरी आहेत. माझं झुकतं माप सरांकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण सर ज्या रस्त्याने तिथे पोचतात तो रस्ता मला मान्य नाही, आणि भाऊंच्या हातात जो पुरावा आहे त्याची किंमत भाऊंनाच कळलेली नाही असं माझं म्हणणं आहे.

उदाहरण काट्याचंच घेऊ, कारण खामगाव आणि कापसाचं वजन यांचा संबंध जुना आहे. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो इथला कापूस मुंबईच्या बंदरात लवकर पोचावा म्हणून. आज कापसाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट काट्यावर चढते, पोलादी पाटाखालचे लोडसेल दाब मोजतात, खोलीतल्या इंडिकेटरवर लाल आकडे उमटतात आणि तिथून एक वायर संगणकाच्या सिरियल पोर्टात जाते. प्रोग्राम तो आकडा उचलतो, त्याला गाडी नंबर आणि शेतकऱ्याचं नाव जोडतो, भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करतो आणि पावती छापतो. एवढंच काम. पडद्यावर चार रकाने आणि दोन बटणं. डेस्कटॉप प्रोग्रामिंगमध्ये वारंवार येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्या तरी या एवढ्याशा प्रोग्राममध्ये सापडतात.

भाऊंचं म्हणणं ऐकू. ‘‘सर, तुमचं शास्त्र बरोबर असंन, पन काट्यावर ट्रॅक्टरची लाइन लागली का शास्त्र सुचत नाही. इंडिकेटरवर ५४६० दिसते, पडद्यावर भलतंच येते. मले फोन येते. मी म्हनतो, प्रोग्राम बंद करा, पुन्हा खोला. खोलला का बरोब्बर ५४६० येते. शेतकऱ्याचं काम झालं, शेठचं झालं, माह्यं झालं. आता ते काहून झालं अन् कसं झालं, हे पाहाले सीझनात कोनाले टाइम हाये?’’ सरांचं उत्तर अर्थातच पुस्तकी येतं : कारण कळल्याशिवाय दुरुस्ती झाली असं म्हणता येत नाही. हे बरोबर असलं तरी याने कोणी हलत नाही. हलवणारा प्रश्न त्यांना पुढे सुचतो. ‘‘भाऊ, भलतंच म्हणजे नेमकं किती? कधी लिहून ठेवलंत का?’’ ‘‘लिहून कायले ठेवू? चुकीचा आकडा तो चुकीचाच.’’ जरा थांबून भाऊच म्हणतात, ‘‘पन आता तुम्ही इचारता तं आठवते. तो आकडा बहुतेक वेळा मागच्या गाडीचा असते.’’

इथे सगळा उलगडा आहे. इंडिकेटर कोणी विचारो न विचारो, सेकंदाला कितीतरी वेळा वजन पाठवतच राहतो. समजा दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी आठ अक्षरं. म्हणजे सेकंदाला ८० अक्षरं. संगणक ती एका साठवणीत, बफरमध्ये, गोळा करत राहतो. डॉटनेट या प्रोग्राम लिहिण्याच्या चौकटीतल्या सिरियल पोर्टात वेगळं काही सांगितलं नाही तर ही साठवण ४०९६ अक्षरांची असते. वरच्या वेगाने ती ५१ सेकंदांत भरते. भरल्यावर नवीन येणारं वजन वाया जातं आणि जुनं आत बसून राहतं. कारकुनाने पाच मिनिटांनी बटण दाबलं आणि प्रोग्रामने रांगेतलं पहिलं वजन उचललं, तर ते सगळ्यात जुनं वजन असतं : मागच्या गाडीची पावती काढल्यानंतर, ती अजून काट्यावरून उतरायची होती तेव्हाचं. प्रोग्राम बंद केला की पोर्ट बंद होतो, साठवण रिकामी होते. पुन्हा खोलला की पहिलं येणारं वजन ताजं असतं. म्हणून भाऊंचा इलाज लागू पडतो, आणि म्हणूनच तो एकाच गाडीपुरता लागू पडतो. खरी सुधारणा चार-सहा ओळींची आहे. बटण दाबल्यावर आधी साठवण रिकामी करायची. मग सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत एक पूर्ण वजन येईपर्यंत थांबायचं, कारण ५४६० हा आकडा कधी ‘५४’ आणि ‘६०’ अशा दोन तुकड्यांतही येऊन पडतो. आणि लागोपाठ काही वजनं सारखी आली तरच आकडा पक्का धरायचा, नाहीतर ट्रॉलीचं मागचं चाक पाटावर यायच्या आतच पावती निघते.

माझा मुद्दा या उदाहरणातून निघतो. कारण न कळता लागू पडलेला इलाज हा शेवट नसतो, तो पुरावा असतो. बंद-चालू केल्याने नीट झालं, याचा अर्थ प्रोग्राम चालू असताना आत काहीतरी साठत जातं आणि बंद केल्यावर ते जातं. एवढ्या एका वाक्याने शोधाची जागा हजार ओळींवरून वीस ओळींवर येते. सरांसारखी माणसं या इलाजाला तुच्छ लेखतात तेव्हा हातातला पुरावा फेकून देतात, आणि भाऊंसारखी माणसं तो इलाज करून निघून जातात तेव्हा तोच पुरावा पुसून टाकतात. म्हणजे दोघंही तोट्यातच राहतात. प्रोग्राम बंद करायच्या आधी इंडिकेटरवर किती होतं, पडद्यावर किती होतं, त्याआधी कुठली गाडी येऊन गेली आणि मध्ये किती वेळ गेला, या चार गोष्टी वहीत उतरवायला एक मिनिट लागतं. तेवढं झालं की खुशाल बंद करावं.

यावर भाऊंचा आक्षेप ठरलेला आहे. ‘‘एक मिनिट म्हनता, पन थे एक मिनिट कोन देते? अन् चूक लाहान असली तं? दोन-चार हजाराच्या वर तं काही जात नाही.’’ हिशेब करून पाहू. २०२५–२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. मागच्या गाडीचं वजन पूर्ण वेगळं असेल तर कारकुनाच्या लक्षात येतं. धोका तिथे नाही. ट्रॉली पाटावर स्थिर व्हायच्या आतलं वजन उचललं आणि ४० किलोचा फरक पडला तर कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि ४० किलो म्हणजे ३२४४ रुपये. ही ‘दोन-चार हजारा’तली रक्कम कोणाच्या खिशातून जाते हे चूक ठरवते, माणूस ठरवत नाही. शिवाय असल्या चुकांना कंटाळून प्रोग्राममध्ये हाताने आकडा भरायची सोय करून घेतली जाते. ती सोय एकदा झाली की काटा कितीही चोख असला तरी पावती विश्वासाची राहत नाही.

बंद-चालूच्या भरवशावर राहिलं तर काय होतं याचं जगात गाजलेलं उदाहरण युद्धातलं आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र-यंत्रणेला समोरून आलेलं इराकी स्कड अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होतं, आणि ०.१ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत कितीही अंक घेतले तरी पूर्ण मावत नाही. सलग १०० तास चालू राहिल्यावर घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदाने चुकलं होतं. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. ही चूक अचानक उघडकीला आली असंही नाही. यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर नेम सरकतो हे आधी कळलेलं होतं, तसा निरोपही पाठवला होता; ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे त्यात नव्हतं. सुधारलेला प्रोग्राम धाहरानला पोचला तो दुसऱ्या दिवशी. भाऊ म्हणतील, तिथे क्षेपणास्त्र होतं, इथे कापूस आहे. कबूल. पण किती वेळाने बंद-चालू करायचं हे सांगायला आतलं कारण कळावंच लागतं, आणि ते दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

बंद-चालूपेक्षा वाईट इलाजही आहेत, आणि ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांचेच आहेत. व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ अशी एक ओळ लिहिता येते. अर्थ असा की चूक झाली तर बोलू नकोस, पुढच्या ओळीवर जा. ही ओळ वर टाकली की चूक दाखवणारी खिडकी येणं थांबतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. चूक तिथेच असते, फक्त तिचा आवाज बंद झालेला असतो. डॉटनेटमध्ये याचीच पुढची पिढी आहे. पोर्टवर वजन आलं की त्याची वर्दी एका वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्यावर, मिळते. तिथून थेट पडद्यावरच्या रकान्याला हात लावला तर डॉटनेट अडवतं, कारण पडदा ज्या थ्रेडने तयार केला त्यानेच त्याला हात लावावा असा नियम आहे. योग्य उपाय म्हणजे ते काम पडद्याच्या थ्रेडकडे सोपवणं, ‘इन्व्होक’ वापरून, एका ओळीत. पण ‘चेक फॉर इललीगल क्रॉस थ्रेड कॉल्स’ ही तपासणीच बंद करून टाकायची सोयही आहे, आणि घाईतला माणूस तीच वापरतो. मग प्रोग्राम दिवसभर ठीक चालतो आणि संध्याकाळी कधीतरी, कुठलंही कारण न सांगता, पडद्यावर गोठतो. उलट बाजूने, सगळं काम पडद्याच्याच थ्रेडवर ठेवलं आणि तो वजनाची वाट पाहत अडकला, तर पाच सेकंदांनी विंडोज त्या खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ची पाटी लावतं. लोक म्हणतात संगणक हँग झाला. संगणक ठणठणीत असतो. प्रोग्राम एका दाराशी वाट बघत बसलेला असतो आणि दुसऱ्या दाराची घंटा ऐकायला कोणी नसतं.

सरांनी वर्गात सांगावं असं आणखी एक उदाहरण तारखेचं आहे. ॲक्सेसच्या डेटाबेसला तारीख विचारताना ती अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना मग दिवस अशी, वाचली जाते. आपण ५ ऑगस्ट या अर्थाने ‘०५/०८’ पाठवलं की तो ८ मे समजतो. गंमत पुढे आहे. १३ ऑगस्ट पाठवला तर तेरावा महिना नसतो, म्हणून तो निमूटपणे दिवस आणि महिना उलटे करून बरोबर अर्थ घेतो. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंत अहवाल चुकतो आणि १३ तारखेपासून आपोआप दुरुस्त होतो. तक्रार पहिल्या आठवड्यात येते. भाऊ तिसऱ्या आठवड्यात जातात, विंडोज नव्याने टाकून देतात, आणि १३ तारीख उलटून गेलेली असल्यामुळे सगळं चोख दिसतं. फॉरमॅट मारल्याने नीट झालं असं सगळ्यांनाच वाटतं. पुढच्या महिन्याच्या १ तारखेला पुन्हा फोन. इलाजाची तारीख वहीत असती तर दोन महिन्यांत नमुना डोळ्यांपुढे उभा राहिला असता.

आता भाऊंची बाजू जिथे खरोखर वरचढ आहे ती जागा. ‘‘सर, तुमचं सगळं कोडात. वायरकडे पाह्यता का कधी? नव्या संगनकाले सिरियल पोर्टच नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर लावा लागते. पोऱ्यानं झाडताना ते काढलं अन् बाजूच्या भोकात खुपसलं का विंडोज त्याले नवा नंबर देते. काल कॉम ३ होता, आज कॉम ५. तुमचा प्रोग्राम कॉम ३ धरून बसला. आता याच्यात कोडाचा काय दोष?’’ सर म्हणतील, पोर्टचा नंबर कोडात कोरून ठेवला हाच दोष. तो सुरुवातीला शोधायला किंवा निवडायला हवा. पण हा दोष त्यांना प्रयोगशाळेत कधी दिसला नसता, कारण तिथे झाडणारा पोऱ्या नाही. कन्व्हर्टरच्या आतली चिपही दरवेळी अस्सल असतेच असं नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून जगभर गेला आणि त्याने नकली चिपांची ओळखच पुसून टाकली; काल चालणारी वायर आज संगणकाला दिसेना. कोडात कितीही शोधलं तरी ते सापडलं नसतं. प्रोग्राम ज्या खोलीत चालतो तिथली धूळ, लाइट, वायर आणि माणसं हाही प्रोग्रामचाच भाग आहे, हे भाऊंना अंगवळणी पडलेलं आहे आणि सरांना शिकावं लागतं. लाइटचंही तसंच. नोंद अर्धी लिहून झाली आणि लाइट गेली की फॉक्सप्रोची फाइल आणि तिची इंडेक्स यांचा मेळ जातो. भाऊ रीइंडेक्स मारतात. नोंद पूर्ण लिहिली गेली तरच ती झाली समजायची, नाहीतर झालीच नाही असं धरायचं, ही ट्रान्झॅक्शनची शिस्त सरांकडे आहे. ती किती गरजेची आहे हे मात्र भाऊच सांगू शकतात.

मराठी मजकुराचा प्रश्न आला की दोघंही सारखेच गोंधळतात, आणि इथे इंग्रजी पुस्तकं फारशी मदत करत नाहीत. जुन्या प्रोग्रामांत नावं कृतिदेव, श्री-लिपी किंवा आयएसएमच्या फाँटांत साठवलेली आहेत. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘राम’ दिसतं, पण फाइलमध्ये असतात जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं. फाँट फक्त त्यांचे कपडे बदलतो. म्हणून फाँट उडाला की ‘जेकेई’ दिसतं आणि लोक म्हणतात व्हायरस आला. भाऊ फाँट पुन्हा टाकतात, नावं परत येतात, तक्रार संपते. पण त्या फाइलमधून युनिकोडमध्ये जायचं ठरलं की खरी परीक्षा लागते. अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. ‘किरण’ लिहिताना कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी आधी येते, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर. रफाराचं याच्या उलट : कृतिदेवमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. ‘ण’ तर दोन तुकड्यांनी बनतो. ज्याने हे न समजता शोधा-आणि-बदला चालवलं त्याच्या यादीत निम्मे खातेदार हरवतात.

युनिकोड आल्यावर सगळं सुटलं असंही नाही. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी आणि नंतरही कित्येक जण ‘अ’ला वर चंद्र जोडून तेच लिहितात. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडची नेहमीची एकसारखं करून घेण्याची रीत, नॉर्मलायझेशन, त्यांना एक करत नाही. यादीत ‘ॲड.’ लावलेले वकीलसाहेब डोळ्यांना दिसतात आणि शोधल्यावर सापडत नाहीत. आकड्यांचा सापळा तर अस्सल मराठी आहे. कोणी रकान्यात देवनागरी ‘१२’ लिहिलं. डॉटनेटला विचारलं की हा अंक आहे का, तर तो म्हणतो, हो. मग त्याला त्याची संख्या करायला सांगितली की तो चूक दाखवून थांबतो, कारण तिथे त्याला फक्त इंग्रजी अंक चालतात. ज्याने पहिली तपासणी करून निर्धास्त होऊन पुढचं लिहिलं त्याचा प्रोग्राम मराठी कळफलक वापरणाऱ्या माणसासमोर आपटतो. भाऊंचा इलाज : ‘‘आकडे इंग्रजीतच टाका.’’ काम चालतं. पण मराठीत लिहिणारा माणूस चुकीचा ठरतो आणि प्रोग्राम बरोबर, हे उलटं झालं. वर्णक्रमाची गोष्ट त्यामानाने सोपी आहे : संकेतक्रमाने लावलं तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर; मराठीचा क्रम मागून घेतला की सुटतं.

पैशाचा हिशेब आला की सर ताठ बसतात, आणि ते बरोबर आहे. बुलढाणा जिल्ह्यात पतसंस्थांचं काम मोठं आहे. १९८६ साली सुरू झालेली बुलढाणा अर्बन आज देशातल्या मोठ्या पतसंस्थांत मोजली जाते. अशा कामात दहा पैसे दहा वेळा मिळवले तर रुपया व्हायला हवा. साध्या दशांश-चिन्हाच्या संख्येत, ज्याला प्रोग्रामर ‘डबल’ म्हणतात, तो होतो ०.९९९९९९९९९९९९९९९९, आणि ‘हे एकाबरोबर आहे का’ असं विचारलं तर उत्तर येतं, नाही. कारण तेच, धाहरानचं. म्हणून रक्कम पैशांत पूर्णांकाने ठेवावी किंवा डेसिमल प्रकार वापरावा. पूर्णांक करायची रीतही नीट बघावी लागते : डॉटनेट आपण होऊन २.५ चे २ करतो आणि ३.५ चे ४, तर हाताने हिशेब करणारा कॅशियर २.५ चे ३ करतो. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ साली निर्देशांक १००० वर सुरू केला आणि दर हिशेबाला तिसऱ्या दशांशापुढचा भाग नुसता तोडून टाकला. दिवसाला हजारो वेळा हे होत राहिलं. १९८३ च्या नोव्हेंबरात निर्देशांक ५२० च्या आसपास दिसत होता. नीट मोजल्यावर तो १०९८ हून जास्त निघाला.

‘‘पैसे-दोन पैशाचा फरक आमचे लोक खिशातून भरून देतात,’’ भाऊ म्हणतात, आणि नकळत सगळ्यात मोठा मुद्दा बोलून जातात. फरक भरतो कोण? ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून गावोगावच्या टपाल-दुकानांत होरायझन नावाची संगणक-प्रणाली बसवली. तिच्या हिशेबात तूट दिसायची आणि दुकान चालवणाऱ्याला ती भरून द्यावी लागायची. प्रणाली चोख आहे असंच खातं सांगत राहिलं. ९०० हून जास्त माणसांना चोरी आणि खोट्या हिशेबाच्या आरोपाखाली शिक्षा झाल्या. २०१९ च्या डिसेंबरात न्यायालयाने प्रणालीतच दोष होते असं म्हटलं, आणि २०२४ साली कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे रोजची पिग्मी गोळा करणारा एजंट किंवा काट्यावरचा कारकून त्याच जागेवर उभा असतो. प्रोग्रामची चूक ‘किरकोळ’ म्हणून सोडली की ती नाहीशी होत नाही. ती सगळ्यात खालच्या माणसाच्या नावावर चढते. कारण शोधायला वेळ नाही असं म्हणणाऱ्याला माझं मुख्य उत्तर हेच आहे.

नवा आक्षेप असा की हा सगळा वाद जुना झाला. सगळं ब्राउझरमध्ये आणि क्लाउडवर न्या, डेस्कटॉपची कटकटच संपेल. काही कटकटी खरंच संपतात : प्रत्येक संगणकावर जाऊन नवी आवृत्ती टाकावी लागत नाही, हरवलेली डीएलएल शोधावी लागत नाही. पण काट्याची वायर कुठेतरी जोडावी लागतेच. ब्राउझरला सिरियल पोर्ट वाचू देणारी सोय क्रोममध्ये २०२१ साली आली, आणि तिथेही साठवण आहे, तुकड्यांनी येणारं वजन आहे. जावास्क्रिप्टमधली संख्या तीच ‘डबल’. ‘ॲ’ तिथेही दोन. आणि नेट गेलं की ट्रॅक्टरवाल्याला थांब म्हणून सांगायला लागतं, जे डेस्कटॉपवर लागत नव्हतं. आता एआयला विचारलं की तयार उत्तर मिळतं असंही कोणी म्हणेल. मिळतं; पण ‘पडद्यावर चुकीचं वजन येतं’ असं विचारलं तर दहा कारणं मिळतात, आणि ‘मागच्या गाडीचं वजन येतं’ असं विचारलं तर एकच. विचारायचं काय, हे पुन्हा वहीतूनच येतं.

भाऊंचा शेवटचा आक्षेप मात्र मला सहज उडवता येत नाही. ‘‘सर, हे सगळं मी मानलं. पन कोड कोनाजवळ हाये? लिहिनारा पुन्याले गेला, नंबर लागत नाही. माह्याजवळ फक्त इएक्सई हाये. अन् शेठ मले भेटीचे पैसे देते. सहादा गेलो तं सहा भेटी. एकदाच पक्कं केलं तं एकच भेट. आता सांगा, मी काय करू?’’ सरांकडे पहिल्या अर्ध्याचं उत्तर आहे. कोड नसला तरी इंडिकेटर काय पाठवतो ते वायरीवर दुसरा छोटा प्रोग्राम लावून वाचता येतं. ते एकदा कळलं की वजन घेऊन पावती छापणारा प्रोग्राम नव्याने लिहिणं हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं काम आहे, आणि या वेळी कोडाची प्रत शेठच्या कपाटात ठेवायची हे करारात लिहून घ्यायचं. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर सरांकडे नाही, कारण ते प्रोग्रामिंगचं नाही. बिलाच्या वहीत ‘भेट’ असा रकाना आहे, ‘कारण’ असा नाही. आणि ज्याचे पैसे मिळतात तेच काम होतं. यावर माझी सूचना शेठला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापूस यायला लागतो. त्याआधी काटा मोकळा असतो आणि शिक्क्याच्या पडताळणीसाठी पाटावर प्रमाणित वजनं चढवावी लागतात. वजनं पाटावर आहेत तोवर भाऊंना आणि सरांना दोघांनाही बोलवावं, दर वजनाला पाच-पाच मिनिटं थांबून पावती छापावी, मध्ये एकदा कन्व्हर्टर काढून दुसरीकडे लावावा, एकदा मुद्दाम लाइट घालवावी, आणि इंडिकेटर व पावती यांचे आकडे समोरासमोर लिहावेत. त्या एका दिवसाचे पैसे हंगामातल्या सहा भेटींइतके ठरवले तर भाऊंचं नुकसान होत नाही. ‘‘सहा कायचे, आठाचे घेईन,’’ भाऊ म्हणतात. सर म्हणतात, ‘‘घ्या. पण वही तुम्ही लिहायची.’’